मी व्हय म्हटलेलं गाऱ्हाणं

तो गेला तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला. शाळेपासूनचा दोस्त, पुढे माझा शेट. पेडण्यातल्या डोंगरावर त्याची काजूची बाग आणि फेणीची भट्टी होती. तुयेच्या कारखान्यातली नोकरी सोडायला लावून त्यानेच मला तिथे आणलं. भट्टीवर मी त्याला शेट म्हणायचो, घरी अरेतुरे. त्याच्या लेखी मी दोस्त होतो की कामाचा माणूस, हे मला कधीच नीट कळलं नाही, आणि तो गेल्यावर तर दुसरं काही सुचेना.

संशय आधीचाच. मोसम सुरू व्हायच्या आधीपासून तो सारखा फोंड्याला जायचा. विचारलं तर म्हणायचा, "देवाक जावन येतंय." एवढा देवभोळा तो कधीच नव्हता. आमच्याकडे हल्ली बघता बघता डोंगर विकले जातात आणि तिथे बंगले उभे राहतात. मी मनाशी ठरवून टाकलं की फोंड्यात गिऱ्हाईक आहे, आणि मला सगळ्यांत शेवटी कळणार. मग मीही कामापुरतं बोलू लागलो. घरीसुद्धा त्याला शेट म्हणू लागलो. त्याने ते ऐकून घेतलं. मोसम संपता संपता तो गेला.

सुतकात मी रोज त्याच्या ओसरीवर जाऊन बसायचो. लोक म्हणायचे, दोस्त असावा तर असा. खरं तर कोण येतं जातं त्यावर माझा डोळा होता. एक दिवस फोंड्याचा माणूस आला, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला. त्याला बाजूला घेऊन मी सरळच विचारलं, "डोंगर तुम्हीच घेताय ना?" त्याला डोंगराचं काहीच ठाऊक नव्हतं. त्याचे वडील आणि माझा दोस्त फोंड्याच्या एकाच दवाखान्यात शेजारच्या खाटांवर असायचे, एवढीच ओळख. एवढा जवळचा माणूस, आणि मला आजार ठाऊक नाही, हे त्याला खरंच वाटेना.

मी तडक मागच्या दारी त्याच्या बायकोकडे, वहिनींकडे गेलो. "वहिनी, परक्याक म्हायत आनी माका नाय? मी काय नुसतो गडी?"

वहिनी तांदूळ निवडत होत्या. हात थांबले. "भावजी, तुमका सांगल्यानी न्हय? देवचारासमोर? तुम्ही व्हय म्हटलात."

मोसमाची पहिली भट्टी लावण्याआधी डोंगराच्या राखणदाराला, देवचाराला, रोटाची जाड भाकरी, विडी आणि दारू ठेवून गाऱ्हाणं घालायची आमची रीत. मालक हात जोडून मागणं मागतो आणि मागे उभा असलेला प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतो. ते म्हणायचं काम इतकी वर्षं माझंच. त्या दिवशी गाऱ्हाण्याच्या मध्येच त्याच्या खिशातला फोन वाजला. हा फोंड्याचाच, म्हणून माझं सगळं लक्ष त्या खिशाकडे. तो थांबला की मी व्हय म्हाराजा म्हणत गेलो. काय बोलला, देवचारालाच ठाऊक.

देवचाराला आणि त्याच्या शेजारीच उभ्या असलेल्या वहिनींना. त्यांनी त्याचे शब्द सांगितले. "'फुडचो मोसम काय माका गावाचो नाय. माज्या मागसून माजो दोस्त ही भट्टी सांभाळतलो, तेका राख.' आनी तुम्ही लगेच व्हय म्हटलात. त्या दिसा घराक येवन ते जेवलेच नाय."

अजूनही माझा संशय पुरता जात नाही. तोंडावर सांगायचा धीर नव्हता, म्हणून त्याने आवाज मुद्दाम बारीक केला असणार. पण मी व्हय म्हटल्यावर, आणि पुढे घरातही शेट शेट करत राहिल्यावर, त्याला काय वाटलं असेल, हा विचार आला की घास उतरत नाही.

यंदा भट्टी मी लावली. गाऱ्हाणं घालायला मी पुढे, मागे वहिनी. मी मोठ्याने आणि सावकाश बोलत होतो, आणि ऐकताहेत ना म्हणून सारखा वळून बघत होतो. "आयकतंय भावजी, तुम्ही बोला," त्या म्हणाल्या. त्याच्यासाठीच्या मागण्यापाशी आलो आणि अडलो. मग म्हटलं, "म्हाराजा, माजो दोस्त तुज्याकडे इलो हा, तेका सांभाळ." या वेळी मी वळून पाहिलं नाही. मग वहिनी म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."