रिकाम्या हातांचं गाणं

वनमाला घाडीचा राग साऱ्या चाळीला ठाऊक होता. घाटकोपरच्या त्या चाळीत नळावर कुणी रांग मोडली की पहिला आवाज तिचाच चढायचा. १९८७ साली ती मुलुंडच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. स्नेहसंमेलनातल्या स्पर्धेसाठी मुलांच्या प्रत्येक गटाने एका गाण्याची व्हिडिओफिल्म करायचं ठरलं, तेव्हा तिने गाणं स्वतःच लिहिलं. चाल आईच्या, जानकीच्या, जात्यावरच्या ओवीची आणि शब्द गिरणीचे. वडील काशीराम वीस वर्षं गिरणीत साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, कापड विणत होते. ब्याऐंशीच्या संपानंतर त्यांना कुणी परत घेतलं नाही. आता ते एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन होते आणि घरात गिरणीचं नावही काढत नव्हते.

संमेलनाचं काम बघणाऱ्या नंदकुमार सरांनी तिचा कागद वाचून बाजूला सारला.

"अगं, गाण्यात नाच हवा, चेहरा हवा. मनोरीला जा सगळे. समुद्र आहे, एखादी ओढणी उडव. झकास दिसेल."

"सर, गाणं गिरणीचं आहे."

"ते रडगाणं पुष्कळ झालं गं."

वनमालाची कानशिलं तापली. चेहरा दाखवायचाच नाही, हे तिने तिथेच ठरवलं. गावच्या दशावतारात नट नुसत्या हातांनी होडी वल्हवायचा आणि साऱ्या गावाला होडी दिसायची. तसंच हवं: फक्त हात, समोर साचा नाही, तरी साचा दिसला पाहिजे. गाणं संपलं की तेच हात मांडीवर, मिनिटभर, आवाजाशिवाय.

हात अर्थात वडिलांचे. तिने विचारलं आणि काशीराम ताटावरून उठले.

"माजो तमासो करतंस?"

आठ दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. शेवटी लग्नांची शूटिंग करणाऱ्या शेजारच्या शिवदासला कॅमेरा घेऊन बोलावलं आणि रविवारी सकाळी गॅलरीत ती स्वतःच स्टुलावर बसली. जानकी गायला लागली. वनमाला हवेत धाग्याला गाठी मारू लागली.

काशीराम ड्युटीवरून आले ते जिन्यापाशीच थबकले. तिची बोटं बघितली. मग ओरडले, "अशी गाठ मारतत? सूत टिकात काय? सरक!"

टोपी काढून ते स्टुलावर बसले. बोटं सुटली, हवेतच आडवं सूत नेणारा धोटा पकडला, तुटलेला धागा दोन बोटांत वळला. शिवदास कॅमेरा हलवायलाच विसरला. गाणं संपलं. हात मांडीवर पडले. वनमालाने शिवदासचा खांदा दाबून धरला: थांबवू नकोस.

स्नेहसंमेलनाला काशीराम वॉचमनच्याच कपड्यांत आले आणि मागे उभे राहिले. गाणं संपून पडद्यावर हात स्थिरावले, तोच नंदकुमार सरांनी बटण दाबून व्हिडिओ मशीन बंद केलं.

"टेप बिघडलीय वाटतं. टाळ्या!"

वनमाला खुर्च्यांमधून धडपडत पुढे गेली. "बिघडलेली नाही. मीच तशी केलीय."

"खाली बस."

"बसणार नाही. वीस वर्षं राबलेले हात एक मिनिट बघवत नाहीत तुम्हाला?"

तिने टेप मागे नेली, पुन्हा लावली आणि मशीनला पाठ लावून उभी राहिली. कुणी शिट्टी मारली, कुणी हसलं. मिनिट पुरं झालं. बक्षीस दुसऱ्या गटाच्या ओढणीवाल्या गाण्याला मिळालं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाबा, ते हसले."

काशीराम रस्त्यात थांबले. "आमच्या खात्यात साठ माणसां होती. साठ! एकाचोय पत्तो नाय आज. धोंडिराम रे, सीताराम रे..." पाच वर्षं अडवलेली नावं शिव्यांसकट बाहेर पडली. बस आली, गेली. त्यांनी हात केला नाही. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत बापलेक चालत आले. ते बोलत होते, ती ऐकत होती.

पुढच्या रविवारी तिने शिवदासला पुन्हा बोलावलं. काशीराम आपणहून स्टुलावर येऊन बसले आणि म्हणाले, "आता तोंड पण दिसांदे." खात्यातल्या माणसांविषयी ते बोलत गेले आणि चार कॅसेटी भरल्या. कॉलेजने त्यातली एकही मागितली नाही, आणि मागितली असती तरी वनमालाने दिली नसती.