मुठीची पावलं

कराडहून निघताना पिशवीत रांगोळीचा एक पुडा टाकला होता. आमच्या भजनी मंडळाच्या अकरा बायका रामेश्वरला निघाल्या होत्या. गायचं, बोलायचं काम इतर दहाजणींचं. मुक्काम पडेल तिथे देवापुढे रांगोळी काढायची, एवढं माझं. मला ते बरं वाटतं. खाली मान घालून बसता येतं आणि कुणी काही विचारत नाही.

कुंभकोणमला उतरलो तेव्हा माघी पौर्णिमेला चार दिवस होते. तिकडे त्या पौर्णिमेच्या आधी दहा दिवस देवांचा उत्सव चालतो. गाडीतून दोन्ही बाजूंना भाताची आणि केळीची हिरवीगार शेतं पाहत आलो होतो. स्टेशनबाहेर पितळी पेल्यातली कॉफी प्यायलो आणि थेट महामहम् तलावावर गेलो. तलाव म्हणजे आमची अख्खी आळी त्यात मावेल एवढा मोठा, चारही बाजूंनी पायऱ्या आणि काठाला दगडी मंडप. मी पाण्याला हात लावायला वाकले आणि शेवाळावरून घसरले. घोटा असा मुरगळला की तोंडातून "आई गं!" निघालं.

"मराठी का तुम्ही?" एका बाईंनी विचारलं. कपाळाला भस्म, केसांत गजरा. बोलणं आपलंच, पण वळण वेगळं, जुन्या पोथीतल्यासारखं. त्यांचं नाव वत्सला. शाळेत शिकवत होत्या. तीनशे वर्षांमागे तंजावरच्या मराठी राजांबरोबर त्यांचे पूर्वज इकडे आलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढची गाडी होती आणि मला पाय टेकवत नव्हता. वत्सलाबाईंनी आपलं घर देऊ केलं, तशी मंडळातल्या शालनताई म्हणाल्या, "तू राहा यांच्याकडे. चार दिवसांत आम्ही परत येतोच." मला रडू आलं. परक्या घरी, परक्या गावात राहायचं, आणि रामेश्वरही हुकलं.

वत्सलाबाईंच्या घरी त्यांच्या सासूबाई होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. वय ऐंशीच्या पुढे. तिण्णैवर (दारापुढच्या ओट्यावर) बसलेल्या. माझा पाय पाहून म्हणाल्या, "बैस. माझे दोन्ही पाय दोन वर्षांमागे गेले, तुझा एक आज गेला. दोघींत मिळून एक धड पाय आहे, पुरे."

मी हसले. त्या घरात पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

रात्री केळीच्या पानावर भात आणि चिंचेची दाट आमटी वाढली. अक्का म्हणाल्या, "हे सांबार आमच्याच लोकांनी केलं, ठाऊक आहे? तमिळ लोक म्हणतात त्यांचं. खाताना भांडू नये, म्हणून मी गप्प बैसते." वत्सलाबाई म्हणाल्या, "अक्का गप्प बसल्याचं कुणी पाहिलं नाही अजून."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वामी गल्लीत यायचे होते. स्वामी म्हणजे जवळच्या देवळातले शंकर. उत्सवातल्या एका संध्याकाळी नंदीवर बसून खांद्यांवरून गल्लीगल्लीत फिरतात. ज्या दारापुढे सडा आणि कोलम (तांदळाच्या पिठाची रांगोळी) असेल, तिथे थांबतात. अक्का लग्न होऊन आल्यापासून दरसाल त्यांना दारात ओवाळत. पाय गेल्यावर देऊळ सुटलं, तलाव सुटला. राहिली ती ही एक संध्याकाळ.

पण त्या सकाळी फुलवाली सांगून गेली, की गल्ली पाइपासाठी खणली आहे, म्हणून यंदा स्वामी कोपऱ्यावरूनच वळणार.

वत्सलाबाई म्हणाल्या, "अक्का, तुम्हाला खुर्चीत बसवून कोपऱ्यापर्यंत नेऊ."

"पाहुणा यायचा म्हणून कोणी आपलं दार सोडून रस्त्यात जाऊन बैसतं काय?"

"मग पुढच्या वर्षी."

"स्वामी असतील पुढच्या वर्षी. माझं कोण सांगेल?"

त्या जेवल्या नाहीत. वत्सलाबाई शाळेत गेल्या. अक्का भिंतीकडे तोंड करून पडल्या. मला बोलता येत नाही, ते आपल्या माणसांतही येत नाही. पुडा घेऊन मी दाराबाहेर बसले आणि रांगोळीची बोटं टेकवली. आतून आवाज आला, "ती दगडाची पूड आहे ना? मुंग्या काय खातील मग?" पाठ फिरवून पडल्या होत्या, तरी लक्ष होतं! "चुलीमागे डब्यात पीठ आहे, घे."

मी पीठ पाण्यात कालवलं. आमच्याकडे गौरी आणतात तेव्हा वाटेवर मुठीने पावलं काढतात. मूठ आडवी टेकवायची, वर बोटाने पाच ठिपके. येणाऱ्याला घर कळावं म्हणून. मला तेवढंच सुचलं. मी उंबऱ्यापाशी सुरुवात केली आणि बसल्या बसल्या सरकत, चराच्या कडेने, कोपऱ्याकडे निघाले. सगळी पावलं घराकडे तोंड केलेली.

चौथ्या घरापाशी समोरच्या मामी (तिकडे शेजारणीला मामीच म्हणतात) बाहेर आल्या. पावलं पाहून पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आणखी दोघी आल्या, त्याही हसल्या. तेवढ्यात वत्सलाबाई शाळेतून आल्या. "अहो, अशी पावलं आम्ही गोकुळाष्टमीला काढतो, बाळकृष्णाची! शंकराला रांगता केलात तुम्ही!"

मी पुसायला हात पुढे केला. मामींनी माझा हात धरला. मग माझ्या हातातली वाटी घेतली आणि पाचव्या घरापासून स्वतःच पावलं काढू लागल्या. त्यांच्यामागे बाकीच्या. मला त्यांची भाषा येत नव्हती आणि त्यांना माझी. मूठ मात्र सगळ्यांची सारखीच पडत होती.

चारच्या सुमाराला खांदेकऱ्यांचे पुढारी रस्ता कसा आहे ते बघायला कोपऱ्यावर आले. जाडजूड, उघडे, अंगभर भस्म. त्यांनी वाकून पावलं पाहिली. मग मोठ्याने काहीतरी बोलले आणि सगळी गल्ली हसली. वत्सलाबाईंनी मला सांगितलं, "म्हणतात, पावलं काढलीत, आता फळ्याही टाका."

घराघरातून पुरुष निघाले. कोणी फळ्या आणल्या, कोणी जुनं दार उचलून आणलं. चर झाकला.

दिवेलागणीला नादस्वर (लांब सनई) आणि तविल (ढोलकीसारखं वाद्य) कोपऱ्यावर वाजलं आणि वळून आत आलं. खांदेकरी फळ्यांवरून एकेक पाऊल जपून टाकत होते. नंदी डुलत होता. अक्का एक हात माझ्या खांद्यावर, एक वत्सलाबाईंच्या खांद्यावर ठेवून उंबऱ्यात उभ्या होत्या. स्वामी दारापुढे थांबले. अक्कांनी माझ्या खांद्यावरचा हात काढून ओवाळलं, आणि अगदी घरच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाल्या, "आलांत? वाट फार वाईट आहे हो. श्रमलांत."

मग जेवल्या. दोनदा भात घेतला.

पौर्णिमेला मंडळी परतली. पाय टेकत होता. शालनताईंचा हात धरून मी तलावात उतरले, सगळ्यांबरोबर स्नान केलं आणि संध्याकाळी गाडीत बसले. अक्कांनी पिशवीत पिठाची पुडी टाकली होती.

देव सगळीकडे आहे म्हणतात, मग त्याला मिरवायचं कशाला, असं मला पूर्वी वाटे. आता वाटत नाही. ज्याला जाता येत नाही त्याच्या दारी देवाने जायचं, आणि त्याला वाट करून द्यायला सगळ्या गल्लीने बाहेर पडायचं, यासाठी ते असावं.

घरी आल्यावर जो तो म्हणतो, "अरेरे, तुझं रामेश्वर राहिलं." मला उत्तर देता येत नाही, म्हणून वहीत लिहिते आहे. आल्या दिवशी सकाळी अक्कांच्या पिठाने दारात दोन पावलं काढली. चहा घेऊन बाहेर आले तर मुंग्या आल्या होत्या. मी त्यांना वाट देऊन बाजूला बसले.