हिरवळीच्या जागी राब

मंचरला भाड्याच्या दोन खोल्यांत सगळी नोकरी काढली. तिथे माती म्हणजे तुळशीच्या कुंडीतली. त्यामुळे खोडदला घर बांधून पुढे चांगलं अंगण आलं, तेव्हा मी जहागीरदाराच्या थाटात फिरत होतो. बायकोच्या सुखात मात्र एक खोट होती. सासूबाई घाटघरहून यायच्या, जेवायच्या आणि परतीच्या गाडीची घाई करायच्या. एक रात्रही कधी राहिल्या नाहीत. "तुमच्याकडं करायला काय न्हाई. नुसतं बसून अंग आंबतं," म्हणायच्या. त्या गेल्या की बायको संध्याकाळभर गप्प. मला ते बघवायचं नाही.

यंदा पाडव्याला त्या येणार म्हटल्यावर मी ठरवलं, अंगण असं देखणं करायचं की सासूबाई उठायचं नाव काढणार नाहीत. पुढे हिरवळ, कडेला झोपाळा. "माळी लावा," बायको म्हणाली. मी कसला ऐकतोय!

पहिल्याच दिवशी कुदळीने हाताला फोड आणले. शेवग्याची फांदी तोडली ती नेमकी टाकीच्या पाइपावर पडली, आणि शेजारच्या शेतकऱ्याकडून पाणी आणायची वेळ आली. तो कांदे काढायचं सोडून कुंपणाशी उभा राहून माझी गंमत बघायचा. जमीनच चढउताराची आहे अशी मी तक्रार केली, तर म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं! राव, गवताला कुदळ कशाला? खुरपं घ्या की."

खुरपं घेतलं. पाठीचा काटा ढिला झाला, पण पाडव्याच्या आत अंगण सपाट झालं. मऊ माती, काडी म्हणून नाही. पाला, फांद्या, वाळलेलं गवत यांचा माझ्या उंचीचा ढीग कोपऱ्यात, घंटागाडीची वाट बघत. खरं सांगतो, इतका आनंद मला पहिल्या पगाराचाही झाला नव्हता.

पाडव्याला सासूबाई आल्या. गुढीला हात जोडले. झोपाळ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ढिगापुढे मात्र थबकल्या आणि त्यांचा चेहरा खुलला.

"पावणं, राब लई बेस जमवलाय तुमी!"

त्यांच्या डोंगरात भाताचं, नाचणीचं रोप जिथे टाकायचं, ती जागा पाऊसकाळाआधी शेण-पालापाचोळा पसरून भाजून घेतात. तो राब. "मामी, तो केर आहे," मी म्हणालो. ऐकायला त्या होत्या कुठे? पदर खोचून त्यांनी ढीग माझ्या हिरवळीच्या जागेकडे ओढायला सुरुवातही केली होती. मी तोंड उघडणार तोच बायकोने असे डोळे वटारले की मी मुकाट्याने शेजाऱ्याकडून शेण आणायला निघालो.

खाली शेण, त्यावर फांद्या, पाला, गवत, वरून मातीचा हात. जेवणं झाल्यावर त्यांनी काडी लावली. नवा रंग दिलेल्या हॉलमध्ये धूर घुसला. शेजारी बादली घेऊन धावत आला. "भाऊ, घर पेटलं का काय?"

"न्हाई," सासूबाई म्हणाल्या, "नाचणीची सोय चाललीय."

कांद्याच्या गावात नाचणी! तो बादली ठेवून हसत खालीच बसला. मी हिरवळीसाठी रडायचं सोडून त्याच्याबरोबर हसत सुटलो.

परतीच्या गाडीची वेळ झाली. बायको पिशवी भरून दारात उभी राहिली, दरवेळेसारखीच, खाली बघत. "आई, गाडी चुकेल."

सासूबाई काठीने निखारे सारत होत्या. "जाऊ दे गाडी. राब इझल्याबिगर हलता येतं व्हय? आन् उद्या वरनं काट्या टाकाय पायजेत, न्हाई तर कुत्री उकरतील. मिरगाला पेरायला पन मलाच यावं लागंल. ह्यांना कुठं जमतंय!"

बायकोने पिशवी आत नेली. मी मागोमाग गेलो.

"माझी हिरवळ गेली," मी म्हणालो.

"अहो, परसात अजून केवढी जागा रिकामी आहे," ती म्हणाली आणि रात्रीसाठी तिघांची कणीक भिजवायला घेतली.