बघा ना, काही हरकत नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या सरांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट कळत नाही.

मी मानसोपचारतज्ज्ञ. परळच्या एका सरकारी रुग्णालयात शिकलो आणि लालबागला पहिल्या मजल्यावर दवाखाना टाकला, त्याला आता तीस वर्षं होत आली. आमचे सर सांगायचे, पहिली वीस मिनिटं पेन हातात घ्यायचं नाही, समोरच्याला बोलू द्यायचं. मी ते पाळलं. लोक एकमेकांना सांगून माझ्याकडे पाठवायचे — ते डॉक्टर सगळं ऐकून घेतात. खरं सांगायचं तर याचा मला फार अभिमान होता.

आणि मला ऐकू येईनासं झालं.

एकदम नाही. आधी उजवा कान गेला, मग डावाही मंद झाला. खाली मसाल्याची गिरणी आहे, दिवसभर मिरच्या कुटतात. मी दोष तिच्यावर ढकलला. खिडक्या बंद करून घेतल्या. मग गिरगावात, जिथे मला कुणी ओळखत नव्हतं, तिथे जाऊन कान तपासून घेतले. यंत्र लावायलाच हवं, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. मी तो रिपोर्ट घडी करून टेबलाच्या खणात टाकला. डोळ्यांचा डॉक्टर बहिरा असला तर कुणी हसणार नाही — पण बहिरा मानसोपचारतज्ज्ञ? कोण येईल त्याच्याकडे?

मग मी युक्त्या शिकलो. ओठ बघायचे, चेहरा बघायचा, मान हलवायची. शब्द निसटला तर म्हणायचं, ‘बघा ना, काही हरकत नाही.’ हे कुठेही चालतं. पोरीला सासरी पाठवू का, बघा ना. नोकरी बदलू का, बघा ना. दोन वर्षं मी असा दवाखाना चालवला.

त्यातच सुनंदा होती. नाव बदललंय. नायगावच्या बीडीडी चाळीत थोरल्या भावाकडे राहायची, लग्न केलं नव्हतं. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये फोनवर बसायची. तिला बायपोलर आजार — काही महिने मन उधाणायचं, मग काही महिने अंथरुणातून उठवायचं नाही. पण लिथियमच्या गोळ्यांवर आठ वर्षं सुरळीत चाललं होतं. माझ्या हातून जी थोडी माणसं खरोखर उभी राहिली, त्यातली ती एक.

तिचा आवाज फार बारीक. बोलताना खाली बघायची, त्यामुळे ओठही दिसायचे नाहीत.

एका दुपारी ती एकटीच आली. काहीतरी विचारलं. मला ‘हात’ कळलं, ‘संध्याकाळ’ कळलं. मला वाटलं, लॅबमधलं काहीतरी सांगतेय. पुन्हा विचारायला हवं होतं ना? एवढंच तर करायचं होतं. पण त्याआधी दोनदा ‘काय म्हणालात?’ झालं होतं, आणि तिसऱ्यांदा विचारायची — लाज वाटली. मी हसून म्हणालो, ‘बघा ना, काही हरकत नाही.’

तिचा चेहरा उजळला. ते मला आजही दिसतं.

तिने विचारलं होतं — हे मला पुढे कळलं — हात फार कापतात, संध्याकाळची लिथियमची गोळी बंद करून बघू का? दोन गोळ्यांतली एक तिने त्या दिवशी सोडली. बरं वाटलं म्हणून पुढे दुसरीही सोडली.

दीड महिन्याने तिचा भाऊ अनंत तिला घेऊन आला. आठवडाभर झोप नव्हती. आईच्या साड्या तिने रस्त्यात वाटून टाकल्या होत्या. लॅबमध्ये बसून एकेका पेशंटला फोन केले होते — काळजी करू नका, तुमचे रिपोर्ट एकदम छान आलेत. त्यात खरोखरच आजारी माणसं होती. नोकरी त्याच दिवशी गेली. तीन आठवडे तिला दाखल करावं लागलं.

घरी सोडल्यावर दोघं माझ्याकडे आली. अनंत बसवर कंडक्टर, शांत माणूस. तो भांडायला आला नव्हता.

‘डॉक्टर, फक्त विचारतो. ही म्हणते, गोळी बंद करायला तुम्हीच हो म्हणालात.’

सुनंदा शेजारीच बसली होती. आता तिचं डोकं स्वच्छ होतं. ती माझ्याकडे बघत होती, मी नुसतं ‘हो’ म्हणायची वाट बघत.

मी काय म्हणालो सांगू?

‘अनंतराव, या आजारात असं होतं. पेशंटला जे हवं असतं, तेच ऐकल्यासारखं वाटतं. मी असं कसं सांगेन?’

शांत, समजावणीच्या आवाजात. तोच आवाज, ज्यावर तिने आठ वर्षं विश्वास ठेवला होता.

ती भावाकडे वळली. मग म्हणाली, ‘माझंच चुकलं असेल, दादा.’

न ऐकणं ही चूक होती, ती कुणाच्याही हातून होईल. पण हे? एका बाईने जे ऐकलं ते खरं होतं, आणि मी तिच्या आजाराकडे बोट दाखवून तिला ते खोटं ठरवायला लावलं. तिच्यापाशी मोठ्या कष्टाने परत आलेली एकच गोष्ट होती — स्वतःच्या मनावरचा भरवसा. तो मी माझ्या अब्रूसाठी काढून घेतला.

पुढच्याच महिन्यात मी यंत्र घेतलं, कानाच्या आत बसणारं, दिसत नाही असं. आता तिचा बारीक आवाज मला लख्ख ऐकू येतो. अनंत सांगतो, ती आता घरी फोन उचलत नाही. भाजीवाल्याने भाव सांगितला तरी वहिनीला विचारते, काय म्हणाला तो? माझ्याकडून प्रत्येक गोष्ट कागदावर लिहून घेते. मी लिहून देतो, मोठ्या अक्षरांत. दर वेळी ठरवतो, आज सांगायचं. दर वेळी तारीख घालून देतो, पुढच्या महिन्याची.

चार वर्षं झाली.

गेल्या महिन्यात ती दोघं आली होती. प्रिस्क्रिप्शन पर्समध्ये ठेवून ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

‘डॉक्टर, कधीचं बोलायचं होतं. तेव्हा दादासमोर मी तुमचं नाव घेतलं. तुमच्यावर उगाच आळ आणला. मनात ठेवू नका.’

मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

‘नाही ठेवलं,’ मी म्हणालो.

तिने हात जोडले. अनंतनेही जोडले. दोघं जिना उतरून गेली, आणि मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.