हायरॅक्सचा कौल

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सुट्टीत बोटीने गावी आलो, तेव्हा आफ्रिकेहून परतलेल्या एका खलाशाने सशाएवढा एक प्राणी देवळाच्या अंगणात आणला होता. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी चाचरत म्हणालो, "हा हायरॅक्स असावा. पाठीवरचा ठिपका पांढरा नाही, म्हणजे झाडावरचा नव्हे, खडकातला. गवत खातो. आणि... हत्तीचा नातलग."

तेवढ्यात प्राणी फणसावर चढून पाने खाऊ लागला.

"बघा, हत्ती फणसावर चढला!" खलाशी ओरडला.

वडिलांनी मान खाली घातली. "कौल लावू. देव नाही म्हणाला, तर कॉलेज पुरे."

गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर मी खरा, डावी पडली तर खोटा. दुपार झाली तरी एकही पडेना. प्राणी मात्र खाली उतरला, कातळावर ऊन खात बसला, मग गाभाऱ्यात शिरून दोन्ही पाकळ्या खाऊन आला.

गुरवाने बराच विचार केला. "उजवी आधी खाल्लीन," तो म्हणाला. "पोरगा खरा."

मी वहीत आहाराखाली 'फुलेही' असे लिहिले आणि सोमवारच्या बोटीने कॉलेजात परतलो.