पिठात काय काय सापडतं!

गिरणीत पीठ साठतं तसे किस्से साठतात. आज झाडून काढा, उद्या तुळईवर, बल्बवर आणि माझ्या भुवयांवर पुन्हा आहेच! शिवाजी पेठेत आमची पिठाची गिरणी आहे आणि शेजारच्या खोलीत चटणी कुटायचं कांडप. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, मशीनवर असतात. मी पुढं बसून डबे घेते, देते आणि बोलते. बोलायचं काम जास्त.

आमच्याकडं येणारी माणसं वस्तू फार विसरतात. माझं स्पष्ट मत आहे की, यात त्यांचा काही दोष नाही. मशीनची घरघर सुरू झाली की माणसाचं डोकं बंद पडतं आणि तोंड चालू होतं! मग हातातलं जे असेल ते मिळेल तिथं ठेवायचं आणि गप्पांना लागायचं. घरी पोचल्यावर बोंब. "वहिनी, बघा की, तुमच्यात ऱ्हायलंय का," हे वाक्य मी "दळण झालं का"च्या खालोखाल ऐकते.

*

गावाला जाताना दागिने धान्यात लपवायचे, ही आमच्याकडची रीत. चोर कपाट फोडेल, गव्हात कशाला हात घालेल? पण नवरा घालेल, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

मागच्या गल्लीतल्या शालनकाकी माहेरी, गारगोटीला निघाल्या. एकटीचा एसटीचा प्रवास, अंगावर सोनं नको, म्हणून पाटल्या गव्हाच्या डब्यात तळाशी घातल्या आणि गेल्या. काका रिटायर झालेले. घरातली काडी इकडची तिकडं केलेली नाही. पण त्या दिवशी त्यांना बायकोची दया आली!

काकींनी गारगोटीत उतरून फोन केला. "जेवलासा का?"

"जेवतो की! आधी तुझं दळण टाकून आलोय," काका अभिमानानं म्हणाले.

पलीकडून जी किंकाळी आली, ती काकांना आनंदाची वाटली आणि त्यांनी खुशीत फोन ठेवला, तो पुन्हा उचललाच नाही. काकींनी मग मला फोन लावला, पण मशीनच्या आवाजात मला कुठला ऐकू येतोय? बाई माहेरच्या दाराला न शिवता परतीच्या एसटीत बसल्या. पदर खोचून गिरणीत आल्या तेव्हा ओठ पांढरे पडले होते. "वहिनी, गव्हात माझ्या पाटल्या!"

मी डब्यांकडं धावले. दगडाच्या तोंडात गेल्यावर सोनं काय आणि गहू काय! बघते तर काकांचा डबा रांगेत जसाच्या तसा, काठोकाठ भरलेला. कारण काका डबा ठेवून तालमीच्या कट्ट्यावर फुटबॉलच्या गप्पा मारायला गेले होते. चपातीचं दळायचं की लापशीचं, हे सांगायचं विसरूनच गेले! आणि आमचे मालक विचारल्याशिवाय दाणा टाकत नाहीत.

काकींनी कोपरापर्यंत हात घालून पाटल्या काढल्या, तिथंच चढवल्या आणि पोत्यावर बसून रडत-रडत हसल्या. एवढ्यात काका आले. "कसला दंगा हाय? जन्मात पयल्यांदा घरचं काम केलं, तर त्याचं बी कौतुक न्हाय!"

"पयलं आणि शेवटचं!" काकी म्हणाल्या.

*

उन्हाळ्यात कांडपावर चटणीची झुंबड असते. मिरचीचा खकाणा उडतो आणि आख्खी रांग शिंकत असते. अशा रांगेत आमच्या गल्लीतले एक निवृत्त गुरुजी सुनेची मिरची घेऊन उभे होते. त्यांना जी शिंक आली, ती साधी नव्हती. शिंकेबरोबर कवळी गेली!

गुरुजी तोंडावर रुमाल धरून उभे. काय हरवलंय ते सांगायला तोंड उघडायची चोरी, आणि तोंड उघडलं तर शब्द कळेनात. मग त्यांनी खडूच्या सवयीनं बोटानं पिठाच्या फळीवर लिहिलं, "दात." सगळ्या बाया कामाला लागल्या. खोबऱ्याची टोपली पालथी केली, धण्याची पिशवी झाडली. गुरुजींनी स्वतःच शोधली अखेर, मिरचीच्या ढिगात.

"शापडली! शापडली!" असं ओरडत गुरुजींनी आनंदाच्या भरात ती तशीच तोंडात घातली.

"गुरुजी, धुवून घ्या!" असं आम्ही सगळ्या ओरडलो. पण उशीर झाला होता.

*

प्रणाली म्हणून कॉलेजातली एक मुलगी आहे. तिची मावशी आजऱ्याला चालली होती. मावशी तांदळाचं पीठ पिशवीत ओतत होती आणि ही एका हातानं पिशवीचं तोंड धरून दुसऱ्या हातात मोबाईल बघत होती. मावशी गेली. थोड्या वेळानं प्रणाली रडत परत आली. मोबाईल नाही! वारलेल्या वडिलांचे सगळे फोटो त्यात होते, त्यामुळं पोरीचं रडं थांबेना. मी माझ्या फोनवरून रिंग देत राहिले.

शेवटी कुणीतरी उचलला. मागं गाडीचा आवाज. "हॅलो, कोण बोलतंय?" मी विचारलं.

"कंडक्टर बोलतोय. पिठातनं!"

झालं होतं असं की, एसटीत मावशीच्या मांडीवरची पिशवी गाणं म्हणायला लागली. मावशी घाबरून पिशवी सोडून उभी राहिली. कंडक्टर ओरडला, "ओ पावणं, कुणाचं पीठ वाजतंय?" मग त्यानंच बाही मागं सारून आत हात घातला. फोन परतीच्या गाडीनं आला, पुसून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. पोरीनं आधी वडिलांचा फोटो उघडून बघितला आणि मला मिठी मारली. दोघींच्या अंगावर पीठच पीठ!

*

आमच्या मालकांना सोडून बाकीच्यांचं सांगितलं तर अन्याय होईल. एका सकाळी शटरची किल्ली सापडेना. दारात ही रांग. मालकांनी मला बोल लावला, मी मालकांना. दोन्ही घराणी निघाली! मग मालकांचा चेहरा एकाएकी बदलला. हरवू नये म्हणून आदल्या रात्री त्यांनी ती स्वतःच कमरेच्या करदोट्याला बांधली होती. आणि गाठ काही सुटेना.

"बायांनो, जरा तिकडं तोंड करा," असं मलाच सांगावं लागलं.

*

आता अप्पा आणि बबनराव. हे दोघे आमच्या गिरणीचे दोन खांब.

अप्पा गडहिंग्लजकडचे लिंगायत, शुद्ध शाकाहारी. बोलण्यात मध्येच कानडी येतं. त्यांना एक खोड आहे. दळून ठेवलेल्या प्रत्येक डब्यात हात घालून, पीठ चिमटीत चोळून बघायचं आणि निकाल द्यायचा, "जाडं पडलंय!" बाया कुरकुरतात, पण अप्पांना तोंडावर कोण बोलणार?

बबनराव वाहनांच्या बॉडी रंगवतात. मोठा आवाज, मोठं पोट, आणि आठवडाभर वाट बघायची ती फक्त रविवारच्या मटणाची. त्यांच्या घरचा रस्सा उकळायला लागला की वास गल्लीच्या तोंडापर्यंत येतो.

गेल्या थंडीतल्या एका रविवारी दोघांनी आपापली पिशवी खिळ्याला अडकवली. दोन्ही पिशव्या एकाच कापड दुकानाच्या. अप्पांच्या पिशवीत बेसन, बबनरावांच्या पिशवीत मटण. आणि गप्पांच्या नादात अदलाबदल झाली!

बबनरावांच्या घरी बेसन बघून सुतक पडल्यासारखं झालं. पण अप्पांच्या घरी काय झालं, ते विचारूच नका. त्यांची सून गिरिजाक्का पिशवी उघडून अशी किंचाळली की, ते मी इथं ऐकलं म्हटलं तरी चालेल. अप्पा ती पिशवी छत्रीच्या टोकाला अडकवून, हात लांब करून, मान फिरवून गिरणीत आले. अप्पा त्या पदार्थाचं नाव घेत नाहीत. "घे, हा तुझा रविवार!" ते कडाडले.

बेसन परत घेऊन आलेल्या बबनरावांनी पिशवी छातीशी धरली. "सापडलं की एकदाचं! अप्पा, सगळं हाय न्हवं? काय कमी-जास्त न्हाय न्हवं झालं?"

"तूच बघ, बाबा! तुझ्या रविवारानं माझं घर बाटवलं!"

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. एक आला की दुसरा रस्त्याकडं बघत बसायचा. अप्पा सगळ्यांच्या डब्यात हात घालायचे. बबनरावांच्याही डब्यात घालायचे, पण निकाल द्यायचे नाहीत!

*

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला, रविवारच होता, अप्पा सकाळी दळण घेऊन गेले. जेवायची वेळ होते न होते तोच गिरिजाक्का धावत आली. "वहिनी, मामंजींचं लिंग हरवलंय!"

अप्पांच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असायचं. लहानपणी गुरूंनी बांधलेलं, आजवर अंगावेगळं न झालेलं. दोरा झिजला होता. गिरिजाक्का बदला म्हणायची आणि अप्पा "सोमवारी बघू" म्हणायचे. पानावर बसले, घासाआधी सवयीनं हात छातीशी गेला आणि छाती मोकळी! अप्पा पानावरून उठले. लिंग मिळेपर्यंत अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही, हा त्यांचा नेम. "त्यांना शुगर हाय की हो," गिरिजाक्का रडत होती. "गोळी बी घेईनात."

मालकांनी रविवारची गिरणी बंद केली. मशीन उघडलं, पोती झटकली, जमीन चाळून काढली. अप्पाही मागोमाग येऊन स्टुलावर बसले होते, हात छातीवर तसाच. समोर उघडे डबे होते, पण एकातही हात घातला नाही. ओठ सुकले होते.

"अप्पा, सकाळी कुणाकुणाच्या डब्यात हात घातला?" मी विचारलं.

"सगळ्यांच्या," अप्पा खाली बघत म्हणाले.

मग मी फोन लावत सुटले. गल्लीत घराघरांत चाळण्या निघाल्या. शालनकाकींनी तर मळलेली कणीक मोडून बघितली. कुठंच नाही. एकच घर राहिलं होतं आणि तिथं फोन कुणी उचलत नव्हतं.

"बबनरावांकडं जाऊन येते," मी म्हटलं.

अप्पांनी डोळे मिटले. "तिथं नको असू दे, शिवा," ते देवाला हळू म्हणाले. "तिथं आज रविवार हाय."

मी गेले. गल्लीच्या तोंडाशी थांबले, कारण वास नव्हता. पुढं गेले, तरी वास नाही. दारात बबनराव उभे, ओले केस, अंगावर धुतलेला सदरा. बायको, पोरं, सगळ्यांचे केस ओले. गॅस बंद. पाटावर पिठाचा डबा, त्याला हळद-कुंकू लावलेलं, आणि आत पिठातून चांदीची डबी अर्धी वर आलेली.

"भाकरीला पीठ घेताना हिच्या हाताला लागलं," बबनराव म्हणाले. "अप्पांच्या घरी जाऊन आलो, कुलूप हाय. मटन तसंच कच्चं भैर काढलं. समद्यांनी अंगुळ केली. पर डबीला हात न्हाय लावला, वहिनी. सकाळी ह्याच हातांनी मटन आणलंय. कसं न्यायचं, तुम्हीच सांगा."

"डब्यासकट चला," मी म्हटलं.

बबनरावांनी डबा डोक्यावर घेतला आणि अनवाणी निघाले. दुपारचं ऊन, डांबरी रस्ता तापलेला. बाया दारांतून बाजूला होत होत्या. गिरणीत येऊन त्यांनी डबा अप्पांच्या पुढ्यात ठेवला आणि मागं जाऊन भिंतीला टेकले.

अप्पांनी पिठात हात घातला. डबी काढली, धोतरानं पुसली, उघडून आत बघितलं, डोळ्यांना लावली. खांदे हलायला लागले. गिरिजाक्कानं देवाच्या कपाटातला नवा दोरा आणलाच होता. तिनं तो ओवून त्यांच्या गळ्यात बांधला आणि पाण्याचा तांब्या हातात दिला.

अप्पांनी तांब्या ओठांपर्यंत नेला आणि थांबले. "बबन, जेवलास का?"

किती महिन्यांनी हाक मारली!

"न्हाय, अप्पा."

"का?"

"तुमी पाणी बी न घेता बसलाय. मी कसं जेवू?"

अप्पांनी घटाघटा तांब्या रिकामा केला. पिठाची चिमूट उचलून बोटांत चोळली. "जाडं पडलंय," ते म्हणाले. मग तोंड पुसून दाराकडं बोट केलं.

"जा, पळ आता. रविवार कर जा!"