चिमणीसमोरची फुंकर

तुमच्या छातीत किती जोर उरला आहे, हे तुम्ही कधी पाहिलं आहे का? आमच्या सेलूच्या डॉक्टरीणबाई दवाखान्यात आलेल्या प्रत्येक बाईचं आधी तेच पाहत. नाडी नंतर. ओसरीवर रॉकेलची चिमणी पेटवायच्या, थोड्या अंतरावर खडूची रेघ ओढायच्या आणि म्हणायच्या, "बस इथं. विझव."

माझी आई जिनात कामाला होती. कापसातून सरकी वेगळी होताना रुईचे बारीक तंतू हवेत असे भरत, की पलीकडची बाई दिसत नसे. बाजारच्या दिवशी जिनाला सुट्टी. दुसऱ्या दिवशी काम सुटेपर्यंत निम्म्या बायकांची छाती आवळून येई. सगळे म्हणत, बाजारातली भजी बाधली. आईनं भजी सोडली, मग दही सोडलं, शेवटी बाजारच सोडला. छाती आवळतच राहिली.

"भज्यांवर कशाला आळ घेता गं?" बाई म्हणाल्या. बाजारच्या दिवशी त्यांनी आईला रेघेवर बसवलं. एका फुंकरीत चिमणी विझली. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर पुन्हा बसवलं. ज्योत नुसती वाकली. "सुट्टीला छाती मोकळी होते, जिनात गेली की आवळते. अशीच वर्षं गेली, तर मोकळी व्हायचीच नाही."

जिनाच्या खिडक्या विटांनी बुजवल्या होत्या, वाऱ्यानं रुई उडू नये म्हणून. त्या उघडा, एवढंच बाईंचं मागणं. जिनाचा कारभार पाहणारे मुनीमजी हसले. "देवगाव फाट्याच्या रस्त्यावर याहून जास्त धूळ हाय, बाई. तिथं लावा की तुमची चिमणी!"

निजामाच्या राज्यात चोरून येणारी पत्रकं वाचून वाढलेला मी. मला त्याच दिवशी मुनीमजींवर पत्रक काढायचं होतं. बाई म्हणाल्या, "थांब. त्यांचा प्रश्न खरा आहे." त्यांनी तेल लावलेल्या दोन काचा टांगल्या, एक रस्त्याकडेला, एक जिनात. रस्त्याची काच जास्त भरली. ती बाईंनी स्वतः नेऊन मुनीमजींना दाखवली! आपल्याविरुद्धचा पुरावा असा समोरच्याच्या हाती देणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मग त्यांनी त्याच रस्त्यावरचे गाडीवान बोलावले. गाडीवानांनी हसतहसत चिमणी विझवली.

"किती उडतं ते काच सांगते, मुनीमजी. किती बाधतं ते छातीलाच विचारावं लागतं."

"बायका मुद्दाम हळू फुंकायल्यात," म्हणत मुनीमजी स्वतःच रेघेवर बसले. जन्म त्यांचाही जिनातच गेला होता. फुंकले. ज्योत वाकली, सरळ झाली. पुन्हा फुंकले.

"चहावर फुंकल्यावाणी नका करू मालक, जोर लावा की!" आई म्हणाली. बायका खळखळून हसल्या. मुनीमजींना खोकल्याची उबळ आली, तसं हसू थांबलं. बाईंनी त्यांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. जिंकल्याचा मागमूसही चेहऱ्यावर नव्हता. त्या हाताइतका जोर मला एकाही पत्रकात सापडलेला नाही.

त्याच आठवड्यात विटा निघाल्या.

पुढं बाईंची बदली झाली. निरोप घ्यायला आई बाजारच्या दिवशी, सुट्टीला गेली. "आता खिडकीपाशी बसायले मी. लय बरं वाटायलंय." बाईंनी सामानातून चिमणी काढली, रेघ ओढली. आईनं सगळा जोर लावला. ज्योत फडफडली, विझली नाही.

"मला उशीर झाला गं," बाई म्हणाल्या.

तुमच्याही गावात जिन असेल. बाजारच्या दुसऱ्या दिवशी, काम सुटताना, तिथल्या एखाद्या बाईपुढं चिमणी पेटवून ठेवा. ती विझली नाही, तर माझं पत्रक येण्याची वाट पाहू नका. आधी खिडक्यांच्या विटा काढा.